एका स्कूटरवर दोन व्याही

"बाबा, पप्पा, तुमच्यासाठी वॉटर स्कूटर ठरवलीय," न्याहारीच्या टेबलावर लेकीनं जाहीर केलं. "दोघांना मिळून एक."

टोस्टवर लोणी फासणारी बाबांची सुरी मध्येच थांबली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पप्पांनी चहाचा घोट नुकताच तोंडात घेतला होता. तो गिळायचा असतो, हे काही वेळ त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बाबा म्हणजे लेकीचे वडील. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. पप्पा म्हणजे तिचे सासरे, दातांचे डॉक्टर.

"वा! छान!" मास्तर म्हणाले.

"उत्तम!" घोट गिळून डॉक्टर म्हणाले.

मनातून दोघांनाही जायचं नव्हतं. पण व्याह्यादेखत आधी 'नाही' म्हणून हलकं कोण होणार? लेकीनं नवऱ्याकडे पाहून हळूच भुवई उडवली. तळ्याकाठच्या या विश्रामगृहात दोन्हीकडच्या आईवडिलांना दोन दिवस एकत्र आणायचा बेत त्या दोघांचाच होता, आणि त्यामागे कारण होतं.

लग्नाच्या दिवशी डॉक्टर आपली नवी गाडी कार्यालयाच्या फाटकातून मागे घेत होते. मास्तर स्वागताला उभे होते. पण गाडी मागे जाताना दिसली की मास्तरांचं भान सुटायचं. ते धावत गेले, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडले, "क्लच! क्लच दाबा! अहो, पाय कुठंय तुमचा?" गाडी आचका देऊन बंद पडली. वऱ्हाडातली पोरंसोरं खो खो हसली. डॉक्टरांनी हसऱ्या चेहऱ्यानं गाडी पुन्हा सुरू केली. पण जेवणाच्या वेळी मास्तर कुणाच्या तरी विनोदावर तोंड भरून हसले, तेव्हा समोर बसलेले डॉक्टर सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उजवीकडची खालची दाढ गेलीय हो तुमची. काढायला हवी. तोंडाला वास येत असेल." मास्तरांचं हसू तिथंच मिटलं.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. इथं भांडण झालंच नाही. उलट दोघं एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायला लागले की बघणाऱ्याला कापरं भरावं. "आपली तब्येत?" "आपल्या कृपेनं." याच्यापुढं गाडी सरकायची नाही. त्यांना एका खोलीत बसवलं की भिंतीवरचं घड्याळ मोठ्यानं ऐकू यायला लागायचं. म्हणून मग लेक-जावयाचे वाढदिवस दोन घरी दोनदा व्हायला लागले. नव्या घराचा चहासुद्धा दोनदा झाला. दोन्ही विहिणींचं मात्र पहिल्या दिवसापासून मेतकूट जमलेलं. मास्तरीणबाई आणि डॉक्टरीणबाई रोज फोनवर तासभर बोलायच्या, आणि त्यातला अर्धा तास नवऱ्यांवर जायचा.

"जा हो, हवा खाऊन या," मास्तरीणबाई आता म्हणाल्या. "आम्ही बसतो इथं व्हरांड्यात. सगळं दिसतंय इथून."

"हो, आम्हाला काही घाई नाही," डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला आणि चहाची किटली जवळ ओढली.

धक्क्यावर एक उंच, उन्हानं रापलेल्या बाई उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी होती, आणि बोलताना मध्येच ती वाजवायची त्यांना सवय होती. त्यामुळे सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणायचे. त्यांनी दोघांना नारिंगी लाइफ जॅकेटं दिली. मास्तरांचं पोट जॅकेटात मावेना आणि डॉक्टर त्यात दिसेनात. अदलाबदल केल्यावर दोघांचं भागलं.

"आता नीट ऐका," शिट्टीबाई म्हणाल्या. "ही दोरी. एक टोक गाडीला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. पडलात की दोरी निघते, इंजिन बंद होतं, गाडी तुम्हाला सोडून पळत नाही. दुसरं. हिला ब्रेक नाही."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे नाही. रेस सोडली की आपोआप हळू होत जाते. पण लक्षात ठेवा, रेस सोडली की ती वळत पण नाही. मागून पाण्याचा फवारा सुटतो ना, तोच हिला वळवतो. फवारा बंद, वळणं बंद. मग हँडल कितीही फिरवा, नाकासमोर जाणार. काही आडवं आलं तर रेस द्यायची आणि वळायचं. घाबरून रेस सोडायची नाही."

मास्तर मान डोलावत होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार स्मित होतं. हे स्मित त्यांच्या ओळखीचं असायला हवं होतं. त्यांचे शिकाऊ विद्यार्थी पहिल्या दिवशी हेच स्मित करून काहीही ऐकत नसत, आणि दुसऱ्या दिवशी गाडी कुंपणात घालत. पण स्वतःचं तोंड स्वतःला दिसत नाही.

"आणि पडलात तर चढायचं मागून," शिट्टीबाई पुढं म्हणाल्या. "बाजूनं नाही. एका वेळी एकच. इंजिन बंद असतानाच. गाडी उलटी झाली तर मागे बाण काढलाय, त्या बाजूनंच फिरवायची. कळलं?" त्यांनी शिट्टी वाजवली.

"अहो बाई, निम्म्या गावाला मी गाडी शिकवलीय," मास्तर म्हणाले.

"मग चालवा तुम्हीच."

"छे छे! डॉक्टरसाहेबांचा मान."

"नाही हो, आपण यातले जाणकार. आपणच."

"असं कसं? आपण मोठे."

"वयानं आपण मोठे."

शिट्टीबाईंनी पुन्हा शिट्टी वाजवली, दोरी मास्तरांच्या मनगटात अडकवली आणि प्रश्न निकालात काढला. मास्तर पुढं बसले, डॉक्टर मागे. मागच्या माणसानं पुढच्याची कंबर घट्ट धरायची असते. पण व्याह्याच्या कमरेला हात घालायचा कसा? डॉक्टरांनी मास्तरांच्या जॅकेटाचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरला. हलणारा दात धरावा तसा.

सुरुवात झकास झाली. खोल पाण्यात आल्यावर मास्तरांनी बोटाखालचा रेसचा खटका जरा दाबला, आणि स्कूटर लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. तोंडावर गार तुषार उडत होते. डावीकडं वळताना मास्तरांनी सवयीनं डावा हात बाहेर काढून इशारा केला. मागे कुणी नव्हतं. एक पाणकोंबडी होती, ती बाजूला झाली.

"सुरेख चालवता आपण!" मागून डॉक्टर ओरडले.

हे कौतुक खरं होतं की भीतीपोटी, हे कळायला मार्ग नव्हता. पण लग्नानंतर व्याह्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. मास्तरांची छाती जॅकेटात फुगली. त्यांनी खटका आणखी दाबला. व्हरांड्यातल्या दोघींनी हात हलवला. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहून हात हलवला. डॉक्टरांनीही चिमटीतला एक हात सोडून हलवला.

मास्तरांनी पुन्हा समोर पाहिलं तेव्हा समोर एक पिवळा बोया होता. पोहण्याच्या जागेची हद्द दाखवायला पाण्यात सोडलेला, पाण्याच्या टाकीएवढा गोल. आणि तो झपाट्यानं मोठा होत होता.

उभ्या हयातीत मास्तरांनी हजारो जणांना एकच मंत्र दिला होता. समोर काही आलं की आधी पाय उचल, मग ब्रेक दाब, बाकी सगळं नंतर. हा मंत्र त्यांच्या हाडात मुरला होता. त्यांनी रेस सोडली. उजवा पाय कचकन खाली दाबला. तिथं पायपट्टीचं रबर होतं, ते दबलं. मग त्यांनी हँडल गरागरा डावीकडं फिरवलं.

स्कूटर नाकासमोर जात राहिली.

"वळवा!" डॉक्टर ओरडले.

"वळवलंय!"

"मग वळत का नाही?"

"तेच विचारतोय मी तिला!"

शेवटच्या क्षणी डॉक्टरांनी सभ्यता बाजूला ठेवली आणि मास्तरांना दोन्ही हातांनी कवटाळलं, पण कंबर सोडून मानेला. मास्तर उजवीकडं कलंडले. स्कूटर बोयाला मऊसर धडकली, उसळली, आणि दोन्ही व्याही एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पाण्यात गेले. मनगटाची दोरी सटकन निघाली. इंजिन बंद झालं. तळ्यावर एकदम शांतता पसरली.

मास्तर वर आले ते फुरफुरत. जॅकेटनं त्यांना बुचासारखं वर ठेवलं होतं, पण पायाखाली काही लागत नव्हतं. मास्तरांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. शेजारी डॉक्टर वर आले. चष्मा मागच्या दोरीमुळं एका कानाला लोंबत होता.

"आपल्याला लागलं नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, नाही. आपल्याला?"

"मुळीच नाही. पाणी छान आहे."

"ताजंतवानं वाटतं."

दोघं काही वेळ तरंगले. स्कूटर पालथी पडली होती, पोट वर करून. मास्तरांनी ती जवळच्या बाजूनं धरून उलटवायला सुरुवात केली.

"थांबा!" डॉक्टर म्हणाले. "बाण बघायचा होता ना?"

बाण खरंच होता. मास्तर नेमकं उलट्या बाजूनं फिरवत होते. तसं फिरवलं असतं तर इंजिनात पाणी जाऊन स्कूटर तिथंच कायमची झोपली असती. मास्तरांनी मुकाट्यानं बाजू बदलली. दोघांनी मिळून जोर लावला आणि स्कूटर गपकन सरळ झाली.

"चढा," मास्तर म्हणाले.

"आधी आपण."

"छे! आपण आधी."

"मी मागचा. पुढच्यानं आधी चढावं."

"पण आपल्याला पाण्यात ठेवून मी वर बसू? बरं दिसेल ते?"

शेवटी मान राखण्याच्या झटापटीत दोघांनी एकच तोडगा काढला, आणि तो सगळ्यात वाईट होता. दोघंही एकाच वेळी चढले. दोघंही एकाच बाजूनं. स्कूटरनं क्षणभर विचार केला आणि दोघांच्या अंगावर आडवी झाली.

दुसऱ्यांदा वर आले तेव्हा मास्तरांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत एक विचित्र चमक होती.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले. आजवर ते 'व्याहीसाहेब' म्हणत आले होते. "मला पोहता येत नाही."

मास्तर बघतच राहिले. "काय?"

"येत नाही म्हणजे येत नाही. आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्यात गेलो नाही. सकाळी टेबलावरच सांगणार होतो, पण तुम्ही 'वा, छान' म्हणालात."

"अहो, मी 'वा, छान' म्हटलं कारण मला वाटलं तुम्ही 'उत्तम' म्हणणार!"

"म्हणजे तुम्हाला येतं पोहता?"

"मला? मला आंघोळीला मग लागतो, डॉक्टर!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आधी डॉक्टरांना हसू फुटलं. मास्तरांना हसायचं नव्हतं, पण त्यांनाही आलं, आणि हसताना पुन्हा पाणी तोंडात गेलं. ते खोकायला लागले तशी डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. पाण्यात पाठ थोपटणं अवघड असतं, थोपटणारा मागे सरकतो. तरी त्यांनी दोनदा प्रयत्न केला.

"हे जॅकेट ज्यानं शोधलं ना," मास्तर दम घेत म्हणाले, "त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं."

"पाणी पुरे झालं आता," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी निरखून पाहिलं. "गाल का धरलाय?"

"दाढ. गार पाणी लागलं."

"उजवीकडची खालची?"

"हो."

"अजून काढली नाहीत? केव्हापासून दुखतेय?"

मास्तरांनी बोयाकडे पाहिलं. "तुमच्या त्या दिवसापासून. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुमच्याकडे आलो असतो तर मला."

लाटा डॉक्टरांच्या हनुवटीला लागत होत्या. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी," ते म्हणाले. "पण तुम्ही बॉनेटवर मारलेल्या थापा कानात होत्या. आणि सांगू का, तेव्हापासून मी गाडी मागे घेतलेलीच नाही. जिथं पुढून घुसून पुढूनच बाहेर पडता येतं, तिथंच जातो. परवा एका मंगल प्रसंगाला गेलो, फाटक बघितलं आणि तसाच घरी आलो."

"अरे देवा!" मास्तर म्हणाले. हे मात्र त्यांच्या काळजाला लागलं. माणसानं गाडी मागे घ्यायची सोडून द्यावी, आणि तीही त्यांच्यामुळं! "डॉक्टर, चुकलं माझं. मला तसं दिसलं की राहवत नाही हो. उद्या सकाळी इथल्या मोकळ्या जागेत घेऊ आपण. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तोंड उघडं ठेवलंत तरी चालेल. मला दाढ बघता येईल."

धक्क्याकडून शिट्टी ऐकू आली. शिट्टीबाई हात वर करून काहीतरी ओरडत होत्या. शब्द पोचत नव्हते, पण हाताची खूण स्पष्ट होती. मागून. मागून. एकेक.

"मागून चढायचं," डॉक्टर म्हणाले. "तेव्हाही सांगितलं होतं त्यांनी. माझं लक्ष माझ्या छातीच्या धडधडीकडं होतं."

"माझं लक्ष मीच कसा हुशार याच्याकडं होतं," मास्तर म्हणाले. "चला. आता मानपान नको. तुम्ही हलके. तुम्ही आधी, मी खालून रेटतो."

बाण बघून दोघांनी स्कूटर पुन्हा सरळ केली आणि धरत धरत दोघं तिच्या मागच्या टोकाशी आले. मास्तरांनी एका हातानं कड धरली आणि दुसऱ्या हातानं, खांद्यानं, शेवटी डोक्यानंही व्याह्यांना वर रेटलं. जे अंग लग्नात त्यांनी शालीत गुंडाळलेलं पाहिलं होतं, ते आता थेट त्यांच्या डोक्यावर टेकलं होतं. डॉक्टर पोटावर सरकले, गुडघ्यांवर आले, आणि हळूच पुढच्या जागेवर जाऊन बसले. स्कूटर डुलली, पण उभी राहिली.

"आता तुम्ही," ते वळून हात पुढं करत म्हणाले. हात लांब केला तसा त्यांचा आवाजच बदलला. दवाखान्यातला, खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाशी बोलायचा आवाज. "घाबरू नका. अंग सैल सोडा. थोडंसं ओढल्यासारखं वाटेल. हं... आता जरा सहन करा... झालं, झालं, झालं!"

मास्तर भिजल्या गादीसारखे वर आले आणि मागच्या जागेवर पसरले. त्यांना इतकं हायसं वाटलं की व्याह्यांच्या पाठीवर कपाळ टेकून ते काही वेळ नुसते बसून राहिले. "देव तुमचं भलं करो," ते पुटपुटले.

"पण आता चालवायचं कुणी?" डॉक्टरांच्या लक्षात आलं. "मी पुढं बसलोय."

"मग तुम्हीच. जागा बदलायला गेलो तर पुन्हा पाण्यात." मास्तरांनी पुढं हात घालून दोरी त्यांच्या मनगटात अडकवली, दुसरं टोक जागेवर बसवलं, दोनदा ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी व्याह्यांची कंबर घट्ट धरली. "बटण दाबा. हं. आता बोटाखालचा खटका. हळू. अंडं दाबताय असं समजा."

स्कूटर निघाली. डॉक्टर ताठ बसून चालवत होते, आणि मागून मास्तर हलक्या आवाजात सांगत होते. नजर लांब ठेवा. हँडल आवळू नका. असं छान. इतक्या हलक्या आवाजात मास्तरांनी आजवर कुणाला काही शिकवलं नव्हतं.

इकडं काठावर लेकीचा जीव टांगणीला लागला होता. दोन्ही बाप दोनदा पाण्यात पडलेले तिनं धक्क्यावरून पाहिले होते. "माझ्याच डोक्यातून निघालं हे!" म्हणत ती वल्ह्याच्या नावेत बसली होती, आणि जावई घाईघाईनं वल्ही मारत निघाला होता. शिट्टीबाई त्यांना थांबवत होत्या, कारण त्यांची मोटारबोट सुटायच्या बेतात होती. पण पोरांना दम कुठला. नाव वेडीवाकडी होत नेमकी स्कूटरच्या वाटेत आली आणि आडवी झाली. जावयाला तिला सरळ करता येईना.

"मास्तर!" डॉक्टरांचा आवाज फुटला. "समोर पोरं!"

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. नावेत लेक उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर धरून. डॉक्टरांचं बोट खटक्यावरून सुटायला लागलं होतं. इंजिनाचा आवाज खाली आला. डॉक्टरांनी हँडल फिरवलं. स्कूटर वळली नाही.

मास्तरांच्या जिभेवर जुना मंत्र आलाच होता. पाय उचला, ब्रेक दाबा, सोडा, सोडा! सगळ्या जन्माची सवय घशाशी आली. ती त्यांनी आवंढ्यासारखी गिळली आणि जन्मात कधी ओरडले नव्हते ते ओरडले.

"सोडू नका! रेस द्या! रेस द्या आणि वळा!"

डॉक्टरांनी डोळे मिटले की उघडे ठेवले, हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. पण बोट दाबलं गेलं. स्कूटरनं मागून फवारा सोडला, नाक उचललं आणि सर्रकन उजवीकडं वळली. नाव डाव्या हाताला राहिली, आणि तिच्यावर पाण्याची एक भलीमोठी चादर जाऊन पडली. लेक मटकन खाली बसली. जावयाच्या हातातलं एक वल्हं वाहून गेलं.

"शाब्बास!" मास्तरांनी व्याह्यांच्या पाठीत थाप मारली. "शाब्बास रे माझ्या वाघा!"

'रे' निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टरांच्या मात्र लक्षातही आलं नाही. ते हसत होते, आणि त्यांचे खांदे थरथरत होते.

नावेतली दोघं नखशिखांत भिजली होती. एक वल्हं गेल्यामुळं नाव जागच्या जागी गोल फिरत होती. शेवटी शिट्टीबाई मोटारबोट घेऊन आल्या आणि नावेला दोरी बांधून त्यांना धक्क्याकडं घेऊन गेल्या. त्यांच्या मागोमाग, अंतर राखून, बाप लोक आले.

धक्क्याला लागल्यावर लेक धावत आली. तिला रागवायचं होतं की रडायचं होतं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "बाबा! पप्पा! काय होतं ते? कशाला गेलात इतक्या लांब? काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं नाही ना?" मास्तर म्हणाले. त्यांनी तिचा ओला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आपण जिवंत आहोत, पोरगी समोर उभी आहे आणि तिच्या नावेला धक्का लागला नाही, या तीन गोष्टी त्यांना एकामागून एक समजत होत्या. मग ते शिट्टीबाईंकडं वळले. "बाई, तुम्ही सगळं सांगितलं होतंत. त्या दोरीनं आणि जॅकेटनं वाचवलं. तुमचे उपकार आहेत."

"माझे कसले?" शिट्टीबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत, हेच खूप. उशिरा का होईना."

"मुलांनो, तुमचेही उपकार," डॉक्टर म्हणाले. ते थंडीनं कुडकुडत होते, पण चेहरा उजळला होता. "तुम्ही आम्हाला पाण्यात ढकललं नसतं तर आम्ही एकमेकांची तब्येत विचारत म्हातारे झालो असतो. पुढचा वाढदिवस एकदाच करू. आमच्याकडं."

"नाही, आमच्याकडं," मास्तर म्हणाले.

लेक आणि जावयाचे चेहरे पडले. हे पुन्हा सुरू झालं की काय, असं त्यांना वाटलं.

"बरं, तुझ्याकडं," डॉक्टर म्हणाले. "पण जेवण झाल्यावर दाढ काढायची."

एवढ्यात मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "अहो, जरा हे धरा."

दोघी विहिणी व्हरांड्यातून खाली आल्या होत्या. मास्तरीणबाईंनी आपली पर्स नवऱ्याच्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी पर्स, गॉगलची डबी आणि चपलांचा जोड आपल्या नवऱ्याच्या हातात दिला. मग दोघी शिट्टीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता आमचा नंबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं, तुला झेपणार नाही," मास्तर बोलायला गेले. "हिला ब्रेक नसतो."

"माहितीय. रेस सोडायची नाही, दोरी मनगटाला, चढायचं मागून. बाईंचा आवाज केवढा मोठा आहे, व्हरांड्यापर्यंत सगळं ऐकू येत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी जॅकेटाचे पट्टे कुणालाही न विचारता आवळले. कोण पुढं, कोण मागे, यावर अर्धा शब्दही झाला नाही. डॉक्टरीणबाई पुढं बसल्या, मास्तरीणबाईंनी त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि स्कूटर खोल पाण्याकडं हलकेच निघाली. मग एक लांबलचक, सुंदर वळण घेऊन बोयाच्या पलीकडं गेली. दोघी काहीतरी बोलत होत्या. हसण्याचा आवाज पाण्यावरून येत होता.

मास्तर आणि डॉक्टर टॉवेल पांघरून धक्क्यावर शेजारी शेजारी बसले. एकाच्या मांडीवर एक पर्स, दुसऱ्याच्या मांडीवर पर्स, डबी आणि चपला. अर्धा तास झाला, तरी स्कूटर परत यायचं लक्षण दिसेना. शिट्टीबाईंनी एकदा शिट्टी वाजवली. दोघींनी लांबून हात हलवला आणि आणखी एक फेरी मारली.

"वेळ झालाय ना त्यांचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालाय," मास्तर म्हणाले. "फिरू दे."

एक नवीन कुटुंब धक्क्यावर आलं. त्यातल्या बापानं तळ्याकडं पाहिलं. दुपारच्या उन्हात पाणी चकाकत होतं, आणि त्यावरून स्कूटर रेघ ओढल्यासारखी जात होती. मग त्यानं मांडीवर पर्सा घेऊन बसलेल्या या दोन ओल्या माणसांकडं पाहिलं.

"काय झकास चालवतायत त्या बाई!" तो म्हणाला. "तुम्ही इथलेच का काका? काम करता इथं?"

"नाही, नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी पर्स नीट सावरली आणि तळ्याकडं बोट दाखवलं. "आम्ही त्यांच्याबरोबर आलोय."